युलालीची जळालेली कादंबरी

आतून कुणीतरी दार बडवत होतं. फौजदार रुवियेरनं कुलपाकडे बोट दाखवलं. "कोण आहे?"

"माझी बायको, युलाली," आन्सेल्म म्हणाला. "वेड लागलंय. स्वतःचीच कादंबरी जाळली. उद्या वेड्यांच्या इस्पितळात नेणार."

"खोटं आहे!" दारामागून आवाज आला. "मी नाही जाळली. शोधा!"

दोन कवितासंग्रह लिहिलेली बाई. फ्रान्समधल्या सेव्हेनच्या त्या डोंगरी गावात तिला वाचणारे थोडे, नावं ठेवणारे सगळे. तिला कोंडायला नवऱ्याचा अर्ज आणि डॉक्टरची सही पुरत होती. तिचं म्हणणं विचारणार कोण?

"जाळताना कुणी पाहिलं?"

"मी!" सासू सिदोनी पुढे सरसावली. "काल दुपारी, वर माझ्या रेशमाच्या अळ्यांच्या खोलीत. शेगडीत कागद कोंबत होती. धुरानं खोली भरली, डोळे उघडवेनात."

"स्वयंपाकघरातल्या चुलीत का नाही जाळले?"

"तिथं मोलकरीण असते ना दिवसभर. वेडी असली तरी लबाड आहे."

तिघं माळ्यावर गेली. शेगडीची ऊब होती. वेताच्या सुपांत रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला कुरतडत होत्या. सगळी सुपं स्वच्छ, कोपऱ्यातलं एक मात्र आंबूस घाण मारत होतं.

"हे का साफ नाही केलं, बाई?"

"कंबर धरली."

"बाकीची करताना नव्हती धरली?"

सिदोनी त्या सुपासमोर आडवी आली.

"आन्सेल्म, आईला विचार," रुवियेर म्हणाला. "खोलीभर धूर झाला असता तर या अळ्यांनी पाला सोडला असता. कितीतरी मेल्या असत्या. या तर हावऱ्यासारख्या खातायत! म्हणजे इथं कागद जळलाच नाही. खाली मोलकरीण, वर अळ्या. तुझ्या आईला कादंबरी जाळायची सोयच नव्हती. मग ती लपवायची कुठं? सुपात अळ्यांखाली कागद अंथरतात, घाण झाला की बदलतात. हा एकच बदलला नाही."

त्यानं पाला बाजूला सारला. खाली युलालीचं अक्षर होतं, हिरव्या डागांनी भरलेलं.

"त्यातली दुष्ट सासू मी आहे!" सिदोनी किंचाळली. "अळ्यांचे कोष झाले की कागद जाळणारच होते. गावानं हसायचं काय मला?"

"आणि त्यासाठी जिवंत बाई वेड्यांत गाडायची? कुलूप काढ, आन्सेल्म."

दार उघडलं. युलालीनं पानं छातीशी धरली.

"छापायला नवऱ्याची परवानगी लागते," आन्सेल्म गुरगुरला. "ती मी देणार नाही. कायदा आहे."

रुवियेरला कायदा ठाऊक होता. त्यानं मान खाली घातली.

"मग तुम्ही मरेपर्यंत थांबेन," युलाली म्हणाली. "तोवर दुसरी लिहिते. तिच्यात नवराही येईल."