लंगडूचा ठिपका

आजोबांचा हात थरथरतो. कप बशीत ठेवतानासुद्धा खुळखुळ आवाज होतो. असं असूनही संगणकावर ते आपल्या पुढे कसे जातात, हे कोडं पूर्वाला काही केल्या सुटत नव्हतं.

तिचे आजोबा, डॉ. विश्राम मयेकर, कोकणातल्या एका किनाऱ्यावर कासवांचं केंद्र चालवत. तिथे प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढी चकती लावत. चकतीचा क्रमांक उपग्रहाला कळवला, की ते पिल्लू कुठेही गेलं तरी नकाशावर त्याचा ठिपका दिसे. एरवी हे काम यंत्रमानव करायचा. पण खाऱ्या हवेने त्याच्या तारा गंजल्या आणि त्याने नेमकी आजच मान टाकली.

पिल्लं तर वाळूतून वर आली होती. त्यांना थांबवून ठेवलं तर त्यांची ताकद वाया जाते. उपग्रहही थोड्याच वेळात क्षितिजाखाली जाणार होता. म्हणून आजोबा आणि पूर्वा एकेक टोपली घेऊन दोन संगणकांवर बसले.

पूर्वाच्या टोपलीत लंगडू होता. त्याचा पुढचा एक पाय आखूड, त्यामुळे तो सगळ्यांच्या मागे. एवढ्या मोठ्या समुद्रात त्याचं काय होणार, या काळजीने तिला सकाळपासून खाणं गोड लागलं नव्हतं.

ती पडद्यावरच्या एका खिडकीत उमटलेला चकतीचा क्रमांक माऊसने निवडत होती, मेनूत ‘कॉपी’ शोधत होती, मग यादीची दुसरी खिडकी, पुन्हा मेनू, पुन्हा शोधाशोध. आजोबांची यादी रवानाही झाली, तिची टोपली जेमतेम हलकी झाली होती.

“आजोबा, लंगडूची पाळी येईतो उपग्रह जाईल!” तिला रडूच फुटलं.

“तो माऊस ठेव बाजूला. गोट्या खेळताना लांबची बारीक गोटी टिपायला वेळ का लागतो गं?”

“नेम धरावा लागतो ना.”

“मग इथे तू दुसरं काय करतेयस? कर्सर (पडद्यावर फिरणारा बाण) शोधायचा, हात सरकवायचा, एवढ्याशा शब्दावर तो थांबवायचा. बटण जितकं लहान आणि लांब, तितका उशीर. माझ्या हाताला तर ते जमतच नाही. म्हणून मी शॉर्टकट (संगणकाला थेट हुकूम देणाऱ्या कळा) वापरतो. कळ आपली जागा सोडत नाही, मग नेम कशाला धरायचा?”

त्यांनी दाखवलं. कंट्रोल धरून ए दाबलं, की खिडकीतलं सगळं निवडलं जातं. कंट्रोल-सी, उचललं. ऑल्ट-टॅब, दुसऱ्या खिडकीत उडी. कंट्रोल-व्ही, ठेवलं. एंटर, खालची ओळ. शेवटी कंट्रोल-एंटर, यादी उपग्रहाकडे.

आजोबा एकेक पिल्लू चकतीचा क्रमांक वाचणाऱ्या यंत्रासमोर धरून वाळूवर सोडू लागले आणि पूर्वाची बोटं अडखळत का होईना, चालू लागली. पण घाईघाईत तिने यादीच्या खिडकीतच कंट्रोल-ए दाबलं. वर कंट्रोलवरचं बोट सुटलं आणि नुसतं व्ही दाबलं गेलं. सगळी यादी गायब! पडद्यावर एकटं व्ही उरलं.

यादीतली पिल्लं तर केव्हाच पाण्यात गेली होती, त्यांचे क्रमांक आता पुन्हा कुठून आणायचे!

“कशालाही हात लावू नकोस,” आजोबा शांतपणे म्हणाले. “आता कंट्रोल-झेड. म्हणजे शेवटची चूक मागे.”

यादी जशीच्या तशी परत आली. पूर्वाने मोठ्ठा श्वास सोडला आणि पुन्हा सुरुवात केली. हळूहळू कळा शोधाव्या लागेनात.

“सायकल शिकल्यावर पायडलकडे बघतेस का?” आजोबा म्हणाले. “तसंच हे. हात लक्षात ठेवतात, डोळे मोकळे होतात.”

लंगडू टोपलीतला शेवटचा. आजोबांनी त्याला वाळूवर ठेवलं. तो एका बाजूला कलंडला, सावरला, पुन्हा निघाला. पूर्वा श्वास रोखून बघत राहिली. लाटेने त्याला अलगद उचललं, तेव्हा टिंग असा आवाज झाला.

पडद्यावर यादी पोचल्याची खूण होती आणि नकाशावर समुद्राच्या काठाला नवे ठिपके, सगळ्यांत मागे लंगडूचा.

“कधी पाठवलंस?” आजोबांनी विचारलं.

पूर्वाने चकित होऊन आपल्या बोटांकडे पाहिलं. तिचं लक्ष तर सगळा वेळ लंगडूकडे होतं.

“मादी असेल तर मोठी होऊन अंडी घालायला इथेच येईल,” आजोबा म्हणाले.

“येऊ दे,” पूर्वा म्हणाली. “मी बघत असेन.”