घासून लख्ख केलेला दगड

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या त्या मुलीला एक खोड होती... दिसेल ते पुसायचं. म्हणून तळ्यावरच्या श्रमदानाच्या पहिल्याच दिवशी तिने काठावरचा चपटा दगड घासून लख्ख केला आणि कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत राहिली.

"अहो, हे काय केलंत!"

वळून बघते तर गळ्यात दुर्बीण, हातात वही, आणि चेहरा असा, की जणू घरावर दरोडाच पडलाय. शाळेत विज्ञान शिकवणारे सर. तळ्याच्या नोंदी तेच ठेवायचे.

"घाण होती... काढली," ती म्हणाली.

"पाणमांजराची विष्ठा होती ती! तीन आठवडे वाट बघितली. आत्ता फोटो काढणार, तर तुम्ही—"

तिला फिस्सकन हसू आलं, पण पुढचं ऐकून विरलं. आसपासच्या लोकांनी इतकी वर्षं राखलेल्या या तळ्यात मोटारबोटी आणायचं चाललं होतं. पंधरा दिवसांनी बैठक. पाणमांजराचा पुरावा मिळाला तरच बोटी थांबणार.

"मीच शोधून देते," ती फणकाऱ्याने म्हणाली. "रोज येईन."

"पहाटे साडेपाचला?"

"पाचला!"

"चार गजर लागतात तुला," घरी आई म्हणाली. "पाचला तळ्यावर पोचणार म्हणे!"

पण उठली हो, रोज उठली. गवताच्या आडोशाला दोघं शेजारी बसायचे, कुजबुजत. दुसऱ्याच दिवशी तिने दुर्बीण ओढून घेतली. "ही शेवटची कधी पुसलीत?"

"पुसायची असते...?"

तिने पिवळ्या फडक्याने काचा पुसून दिल्या. सरांनी डोळ्याला लावली. "अरेच्चा! पलीकडे झाडं आहेत की!"

ती हसता हसता त्यांच्या खांद्यावर टेकली, आणि दचकून सरकली. फार नाही... थोडीशीच.

पाणमांजर मात्र फिरकेना. चौदाव्या सकाळी सर पलीकडच्या काठाला गेले होते. आणि इकडे, त्याच दगडावर— ताजी विष्ठा! माशांच्या खवल्यांसकट!

आनंदाने ओरडणार, तोच तिच्या मनात आलं, झालं, आता उद्यापासून काय? फडका हातात होताच. एकदा फिरवला की झालं...

पाण्यातून मिशाळ डोकं वर आलं आणि टकामका बघू लागलं. चोराच्या मनात चांदणं! तिने फडका दगडावर टाकला आणि जीव खाऊन हाक मारली, "सर!"

फोटो निघाला. सर नाचायचेच बाकी होते. मग वही उगाच दोनदा उघडून मिटली.

"उद्यापासून तुम्हाला... लवकर उठायला नको."

"वा! आणि माझ्यासारखी दुसरी कोणी ब्रश घेऊन आली तर?"

"तुमच्यासारखी दुसरी नाही मिळायची," ते म्हणाले, आणि कानांपर्यंत लाल झाले. "खरं सांगू? रोज वाटायचं, आज नको सापडायला. लाज वाटते सांगायला."

"लाज म्हणजे काय ते मला विचारा! मघाशी फडका फिरवणारच होते मी."

सर बघतच राहिले. मग दोघं इतके हसले, की पाणमांजराने बुडीच मारली.

"उद्या... येशील?"

"पाचला. तू उशीर करू नकोस."

बैठकीत तो फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. बोटींचा विषय तिथेच मिटला.

"पण हा पिवळा फडका कसला?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोजमापासाठी ठेवलाय," सर गंभीरपणे म्हणाले, आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.