काकांच्या नावची चकती

रविवारच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, तयारी हे मावशींचं राज्य. त्या राज्यात फादरांनाही विचारूनच पाऊल टाकावं लागे. सकाळी साडेसहाला त्या चर्चचं बाजूचं दार उघडत, खिडक्या उघडत, वेदीवरच्या कापडावरून एकदा हात फिरवत. कापड कडक इस्त्रीचं असे, पण मावशींचा जन्म शिवणकामात गेलेला. सुरकुती दिसली नाही तरी ती कुठेतरी असणारच, अशी त्यांची खात्री असे. मग मेणबत्त्या, पाणी, द्राक्षरस, आणि सगळ्यांत शेवटी दारापाशीचं छोटं टेबल.

हे टेबल म्हणजे इथली जुनी रीत. त्यावर एका बाजूला पत्र्याचा डबा, डब्यात पावाच्या पांढऱ्या, कागदाइतक्या पातळ चकत्या. दुसऱ्या बाजूला पितळी वाडगा, मध्ये चिमटा. ज्याला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असेल त्याने आत येताना एक चकती चिमट्याने उचलून वाडग्यात ठेवायची. वाडगा वेदीवर जाई, फादर प्रार्थना म्हणत, आणि मग रांगेत ज्याची त्याला मिळे. जितकी माणसं तितक्या चकत्या, ना कमी ना जास्त. आजाऱ्यांसाठीच्या वेगळ्या असत, त्यांचा या वाडग्याशी संबंध नव्हता.

मावशी मात्र दोन ठेवत. एक स्वतःची, एक काकांची. काका म्हणजे त्यांचे यजमान. धंद्याने सुतार, आणि एकतीस वर्षं या चर्चची घंटा त्यांनीच ओढली. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं करवतीने तरुणपणीच खाल्ली होती. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी चिमटा हातात घेतला आणि एकापाठोपाठ एक तीन चकत्या मोडल्या.

"दरवाजे बसवता, आणि एवढीशी चकती उचलता येईना?" मावशी म्हणाल्या होत्या. "राहू द्या. तुम्ही घंटा ओढा, तुमची मी ठेवत जाईन."

तेव्हापासून दोन. घंटा माळ्यावर होती. काका तिथून लाकडी जिन्याने खाली येत ते थेट ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे राहत, कारण शेवटच्या घंटेसाठी परत वर जायचं असे. मावशी सगळ्यांच्या शेवटी. जिन्याची चौथी पायरी करकरत असे. सुतार हाताशी असून पायरी वाजते म्हणून लोक त्यांची खेचत, आणि काका दर वर्षी म्हणत, "करतो हो, करतो."

ती पायरी तशीच राहिली आणि काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मावशींनी स्वतः शिवलेला कोट त्यांच्या अंगात घालून त्यांना निरोप दिला.

त्याच आठवड्यात बिशपांच्या कार्यालयातून पत्र आलं. फादरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांचाच आवाज पडला होता. पुढच्या दहा रविवारी ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांची संख्या चाळीसच्या खाली राहिली, तर इथली रविवारची मिस्सा बंद. लोकांनी नदीपलीकडच्या मोठ्या चर्चला जावं. दर रविवारचा आकडा फादरांनी कळवायचा, आणि दहाव्या रविवारी कार्यालयाचा माणूस येऊन स्वतः मोजणार; शेवटचा निकाल त्या मोजणीवर.

काका गेल्यावर राहिली होती चौतीस माणसं. लहान मुलं धरायची नाहीत, आणि आजारी अंथरुणावर. मावशींचे गुडघे बसच्या पायऱ्या चढत नव्हते. मुलगा परगावी, फोनपुरता. सहा दिवस त्या घरात भांड्यांशी बोलत आणि सातव्या दिवशी माणसांत येत. तो सातवा दिवसही गेला तर आपलं काय, या विचाराने त्यांची झोप उडाली.

काकांनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी वाडग्यात चकत्या ठेवल्या. दोन. हाताला एकतीस वर्षांची सवय, त्याला कोण सांगणार? प्रार्थना अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्या रविवारी पहिल्यांदाच त्यांना रडू आलं.

मिस्सा संपल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या. फादर अंगावरचा झगा उतरवत होते.

"फादर, एक उरली असेल ना?"

"काय उरली?"

"चकती. माझ्याकडून एक जास्त पडली. सवयीने."

फादरांनी वाडगा पुढे केला. तळाला फक्त भुगा होता. "नाही मावशी. बरोबर पुरल्या."

मावशींनी डबा उघडला. शंभरचं नवं पाकीट त्यांनीच सकाळी फोडलं होतं. पासष्ट शिल्लक. म्हणजे वाडग्यात पस्तीस गेल्या होत्या. आणि आलेली माणसं त्यांनी बोटांवर दोनदा मोजली, चौतीसच्या पुढे जाईनात. कोणीतरी न ठेवताच घेतली असेल, असं म्हणून त्यांनी डब्याला झाकण लावलं.

पण मावशी शिवणकामवाल्या. टाका चुकला की कुठे चुकला ते सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. पुढच्या रविवारी त्या सुरुवातीपासून टेबलाशी उभ्या राहिल्या. प्रत्येकाचा हात पाहिला, प्रत्येकाची चकती पाहिली. चौतीस माणसं, चौतीस चकत्या. मग त्यांनी मुद्दाम आणखी एक ठेवली.

वाडगा रिकामा परत आला.

आता इथे एक सांगायला हवं. फादर ख्रिस्तप्रसाद देताना कोणाच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं, की चेहरा पाहिला की मनात येतं, हा भांडकुदळ, ही चुगलखोर. म्हणून फक्त तळहात बघायचे. चार वर्षांत फादर सगळ्यांना हातांवरून ओळखायला लागले होते.

"फादर," मावशींनी विचारलं, "आज पहिलं कोण होतं रांगेत?"

"पहिला तर नेहमीचाच..." फादर म्हणाले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नेहमीचा म्हणजे?"

"मावशी, तुम्ही दमला आहात. घरी जा, आराम करा."

"फादर, बोटं कशी होती?"

फादर खिडकीकडे वळले. "दोन आखूड होती," ते म्हणाले.

मावशी घरी गेल्या त्या रडत नाही, तर पुटपुटत. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेल्यावरही गेली नाही. पहिला नंबर लावायचाच." आणि कितीतरी दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

मावशींनी हे कोणाला सांगितलं नाही. पण बेकरीवाल्याने पाहिलं. हा गडी टेबलाशी त्यांच्यामागेच उभा असे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून बोलणं गिऱ्हाइकापुरतं. तिसऱ्या रविवारी मावशींनी दोन ठेवल्या तसा तो हळूच म्हणाला, "मावशी, दुसरी कोणाची?"

"यांची."

"आणि मग ती..."

"जाते," मावशी म्हणाल्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि चिमटा उचलला. एक ठेवली. थोडा थांबला. दुसरी ठेवली.

वाडगा रिकामा परत आला.

मग गोष्ट पसरली, पण कोणी उघड बोललं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिक्षिकाबाईंनी आईची ठेवली. जुळ्या भावांतला जो उरला होता त्याने दुसऱ्याची ठेवली. सहाव्या रविवारी वाडग्यात बेचाळीस चकत्या झाल्या आणि बेचाळीसच्या बेचाळीस गेल्या. फादरांनी आकडा लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

"मी खोटं तर लिहीत नाही ना, मावशी?"

"गेल्या तेवढ्या लिहा. कुठे गेल्या ते त्यांनी विचारलेलं नाही."

ते रविवार फार गोड गेले, खरं सांगायचं तर. लोक बाकावर सरकून बसायला लागले, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. गाण्यात खालचा एक सूर भरून येई. मिस्सेत 'शांती असो' म्हणत सगळे एकमेकांशी हात मिळवत, तेव्हा बेकरीवाला आपल्या रिकाम्या बाजूला वळे, हात पुढे करी आणि मग तो हात बराच वेळ आपल्याच दुसऱ्या हातात धरून बसे. गार पडलेला हात चोळतात तसा. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी चौथी पायरी करकरली, की पुढचे लोक आपोआप एक पाऊल मागे सरत. कोणी वर बघत नसे. मावशी मात्र मान खाली घालून हसत.

दहाव्या रविवारी कार्यालयाचे साहेब आले. बगलेत फाईल, करकरीत शर्ट, वागायला सभ्य. त्यांनी टेबलाची रीत समजून घेतली आणि स्वतःच टेबलामागे उभे राहिले.

"एका माणसाने एकच ठेवायची," ते म्हणाले. "आज मोजणी आहे."

"अहो पण..." बेकरीवाला म्हणाला.

"एकच."

बेकरीवाल्याने मावशींकडे पाहिलं. मावशी काय सांगणार? एक माणूस, एक चकती, नियमात खोट काढायला जागाच नव्हती. त्याने एक ठेवली आणि चिमटा असा खाली ठेवला, की वाटलं हात भाजला. सगळ्यांनी एकेकच ठेवली. शेवटी मावशी आल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक चकती ठेवली आणि हात मागे घेतला. साहेब समोर उभे नसते, तर त्यांनी तिथेच माफी मागितली असती.

चौतीस. साहेबांनी आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली. मावशींना वाटलं, झालं, संपलं. मिस्सा गेली आणि हेही गेले. एकाच माणसाला दोनदा निरोप द्यायचा.

गाणी झाली. वाचन झालं. फादरांचं प्रवचन आज तोकडं होतं. साहेब सगळ्यांच्या मागे, दाराशी उभे राहून पाठमोरी डोकी मोजत होते.

रांग लावायची वेळ आली.

चौथी पायरी करकरली.

लोक एक पाऊल मागे सरले.

फादर वेदीपुढे मान खाली घालून उभे होते. "ख्रिस्ताचं शरीर," ते म्हणाले. उत्तर कोणी दिलं ते मागे ऐकू आलं नाही. त्यांनी दुसरी चकती उचलली. "ख्रिस्ताचं शरीर." मग तिसरी. रांगेतला पहिला दिसता माणूस अजून पुढे गेला नव्हता.

मावशी शेवटी उभ्या राहून बघत होत्या. फादरांचा हात वाडग्यात जात होता आणि वर येत होता.

हळूहळू रांग पुढे सरकली. शिक्षिकाबाईंना मिळाली. जुळ्यातल्या भावाला मिळाली.

बेकरीवाल्याच्या आधीच वाडगा संपला.

आठ माणसं ओंजळ पुढे करून उभी होती. फादरांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि त्यांचे चेहरे पाहिले. बेकरीवाला, तीन म्हातारे, टपालवाला, त्याची बायको, त्याची बहीण, आणि मावशी.

"मी बरोबर मोजल्या होत्या," मावशी हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे," फादर म्हणाले. त्यांनी रिकामा वाडगा वेदीवर ठेवला. "बसा सगळे. बसा."

मावशी बाकावर गेल्या नाहीत. त्या आतल्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि भिंतीला पाठ लावून शेवटचं गाणं तिथूनच ऐकलं. एकतीस वर्षं मी यांची ठेवली, आणि एका रविवारी कमी पडली तर यांनी माझीच घेतली. राग आला त्यांना, खरा राग, जिवंत माणसाचा येतो तसा.

लोक पांगल्यावर साहेब फाईल घेऊन आत आले. ते वैतागले होते.

"बाई, तुमची ही रीत काही खरी नाही. चौतीसच ठेवून घेतल्या, आणि रांगेत बेचाळीस माणसं. आठ जण कधी मागून आत आले, मला कळलंसुद्धा नाही. मी दोनदा मोजले."

"बेचाळीस?" फादरांनी विचारलं.

"बेचाळीस. तसंच लिहिलं आहे. तुमची मिस्सा चालू राहील, काळजी नको. फक्त पुढच्या वेळी टेबलाशी लक्ष ठेवा. माणूस रांगेत उभा राहून रिकाम्या हाताने परत गेला, हे बरं दिसत नाही."

त्यांनी सही केली, नमस्कार केला आणि ते गेले. फादर खुर्चीत बसले ते बसूनच राहिले.

मावशी गाण्यांची पुस्तकं गोळा करायला बाहेर आल्या. दर रविवारचं काम होतं ते, आणि काम केल्याशिवाय त्यांना सुचत नसे. चर्च रिकामं होतं. फक्त बेकरीवाला अजून आपल्या बाकावर बसला होता. डोळे मिटलेले, गालांवर पाणी. तोंडही मिटलेलं होतं, आणि जबडा हळूहळू हलत होता.

मावशींनी त्याला हाक मारली नाही. एकेक पुस्तक उचलत त्या आपल्या बाकाशी आल्या.

त्यांचं पुस्तक उघडं होतं. त्या ते नेहमी मिटून ठेवत.

उघड्या पानावर अर्धी चकती होती. वेडीवाकडी मोडलेली, चिमटा धरता न येणाऱ्या माणसाने मोडावी तशी.

मावशी बाकावर बसल्या, थोडं सरकून. त्यांनी ती अर्धी उचलली. मोडलेली कड अजून ओली होती.