निंबाखालची बोळवण

हे खरं आहे.

असं प्रत्येकजण म्हणतो, ठाऊक आहे. म्हणून विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते सुकदेवराव आजही सुरतेत, पांडेसऱ्यात राहतात. आणि दिवस कलला की आजही त्या बागेत जातात.

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गोष्ट. भर उन्हाळा. वेळ मावळतीची.

सुकदेवराव शिरपूरकडच्या एका गावात वाचनालय सांभाळायचे. अबोल माणूस. बसमध्ये 'जरा सरका' म्हणायलाही लाजणारा. लेक वर्षा दोंडाईच्याला दिलेली. माहेरी आली की पाय धुवायच्या आधी ती दारातूनच विचारायची, "आबा, कितव्या पानावर?"

आबा म्हणणारी ती एकटीच. मुलगा गोपाल त्यांना दादा म्हणायचा. भागीरथीबाईंना तर वाचताच येत नव्हतं. त्यांची हाक ठरलेली, "ओ, गोपालना बाप!"

आखाजीला वर्षाला आणायचं ठरलं होतं. त्याआधीच, हिवाळ्यात, ती काविळीने गेली.

गोपाल इथे सुरतेत डाइंग मिलमध्ये कामाला. त्याने गावच्या घराला कुलूप लावलं आणि दोघांना सुरतेला आणलं.

एका खोलीत दिवस सरेना. म्हणून दोघं बागा पाहत हिंडू लागली. जमेल तिथवर बस, पुढे पायी. चौकातली गांधी बाग झाली. अठवा लाइन्सकडचा जॉगर्स पार्क झाला. सुकदेवराव फाटकावरची गुजराती पाटी अक्षर अक्षर लावत वाचायचे. भागीरथीबाई मात्र आत शिरल्या की मान वर करून झाडंच बघायच्या.

"काय शोधस?"

"निंब. आडव्या फांदीना."

त्यांना वाटलं, चेष्टा करते आहे.

शेवटी निंब सापडला तो घराजवळच्याच एका लहानशा बागेत. खाली लोखंडी झोके होते. भागीरथीबाईंनी खोडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आठे बांधसूत तिना झोका."

गेलेल्या लेकीचा झोका, इथे? सुकदेवरावांनी वर पाहिलं, फांदी खरोखरच आडवी होती.

आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. या घरात आता दोन्ही एकाच पोरीसाठी होतं.

"गावनं घर बंद शे," भागीरथीबाई म्हणाल्या. "तिले सुरत म्हाईत नही. कोठे जाई ती?"

आखाजीच्या सकाळी त्यांनी घागर भरली. वर आंबा ठेवला. संध्याकाळी दोरी आणि सांजोऱ्यांचा डबा घेऊन दोघं बागेत आली. वॉचमनने दोरी बांधू दिली नाही.

"काकी, बच्चा लोग गिरेगा. मेरी नोकरी जाएगी."

मग भागीरथीबाईंनी डबा मधल्या लोखंडी झोक्यावर ठेवला. आणि चारचौघांत, मोठ्याने हाक मारली.

"वर्षा... ये व माय. आम्ही आठे शेतस."

सुकदेवरावांनी लाजेने मान खाली घातली.

तेवढ्यात निंबावरची पाखरं गप्प झाली...

सगळी. एकदम.

पान हलत नव्हतं. आजूबाजूचे झोके जागच्या जागी होते.

आणि मधला झोका...

कर्र...

कर्र...

डबा मात्र त्यावरून तसूभरही सरकला नाही.

"उनी ती," भागीरथीबाई म्हणाल्या. लेक आली म्हणे. किती दिवसांनी त्या हसल्या होत्या!

वारा असेल. सुकदेवरावांनी स्वतःला समजावलं. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर तसाही फारसा विश्वास नव्हता.

पण रोज तेच होऊ लागलं. मुलं पांगली की मधला झोका हले. भागीरथीबाई बाकावर बसून त्याच्याशी बोलत. घरी आल्या की ताटाला हात लावत नसत.

"दादा, त्या म्हणतात, वर्षाताईसोबत जेवण झालं," सून स्वाती घाबरून सांगायची.

भागीरथीबाईंच्या अंगावरचं मांस उतरलं. ब्लाउज खांद्यावरून ओघळू लागला.

आखाजी सरली की लेकीची बोळवण करतात. ओटी भरायची, लुगडं द्यायचं, नाव घेऊन निरोप द्यायचा. मग ती परत जाते. सुकदेवराव रात्रंदिवस तेच मनात घोळवत होते. एकदा धीर करून बोलले.

"तिले वाटे लाव आते."

"कोठे लावू? सासर तरी ऱ्हायनं का तिले?" भागीरथीबाई कडाडल्या. "तुम्हले पुस्तकंच पुरतंस. माले नहीत पुरत."

पोर तर गेलीच होती. आता बायकोही जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

ओटी बाईने भरायची असते. पण कुणाला सांगणार? सुनेला? ती घाबरली असती. गोपाल हसला असता. शेवटी ते एकटेच गेले आणि हिरवं लुगडं घेऊन आले.

त्या संध्याकाळी भागीरथीबाईंचा बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला. सुकदेवरावांनी पिशवी उघडली. लुगडं, नारळ, मूठभर गहू झोक्यावर ठेवले. 

निरोप द्यायचा. नाव घ्यायचं.

ओठ हलले. लेकीचं नाव काही तोंडून निघेना.

"जा आता... सुखाने जा," एवढंच ते म्हणाले.

झोका एकदा उंच गेला...

थांबला.

मग फाटकाच्या दिशेने चपला वाजल्या. जड, दमलेल्या. सावकाश दूर गेल्या.

त्यांनी मागे पाहिलं. भागीरथीबाई जाग्या होत्या. टक लावून त्यांच्याकडे पाहत होत्या.

"चला घरी," त्या म्हणाल्या.

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. स्वातीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुकदेवरावांनी कितीतरी महिन्यांनी पुस्तक उघडलं. आपल्याला जमलं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

भागीरथीबाई येऊन शेजारी बसल्या. पुस्तकावर वाकल्या.

"आबा, कितव्या पानावर?"

...

डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं होतं. माणूस नाती विसरतो. गोपालला ते पटलं. आई त्याला 'भाऊ' म्हणते, तेव्हा तो तोंड फिरवतो.

सुकदेवरावांनाही पटवून घ्यायचं आहे. जमत नाही.

आखाजी पुन्हा जवळ आली आहे. घागर कुणाच्या नावाने भरायची, हे त्यांना कळत नाही.

रोज दिवस कलला की ते तिला घेऊन बागेत जातात. ती बाकावर बसते. झाडांकडे आता ती मान वर करून बघत नाही. मधला झोका मात्र हलतच असतो.

कर्र... कर्र...

मग, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, ते हळूच हाक मारतात.

"गोपालनी माय..."

बाकावरची मान वळत नाही.

झोका थांबतो.