कोऱ्या नळीवरचं नाव

मे महिन्यातल्या एका दुपारी गीतांजली बर्फाचा डबा पोटाशी धरून ऑटोतून उतरली. मागोमाग तिची आई तानुबाई उतरली. डब्यात गीतांजलीच्या बाबांचं, शालिकरामांचं, चमचाभर रक्त होतं. धामणगावकडे झेंडू पिकवणारा हा धडधाकट माणूस तेरा दिवस तापात होता, आणि अमरावतीच्या दवाखान्यात रोज थोडा थोडा खचत चालला होता. डॉक्टरांना मातीतल्या एका जंतूचा संशय होता, पण आधीच्या औषधांमुळे तो तपासणीच्या बशीत वाढत नव्हता. त्यावरचं औषध जालीम, आणि शालिकरामांची किडनी आधीच थकलेली. खात्री झाल्याशिवाय देणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. खात्री करून देणारं यंत्र गीतांजलीच्याच प्रयोगशाळेत होतं. तिथल्या शेखर सरांनी परवानगी दिली, पण बजावून: "घरचं माणूस आहे म्हणून घाई करायची नाही."

अमरावतीच्या मे महिन्यात दुपारी दोनला सगळं गावच पेंगतं. प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येत होता, आणि त्या गारव्यात भिंतीवरचं घड्याळसुद्धा जरा सावकाशच चालल्यासारखं वाटत होतं. बाहेरच्या माणसाला आत बसवू नये असा नियम होता. पण उन्हात आईला कुठे उभं करणार? तानुबाई स्टुलावर बसून लेकीचे हात बघत राहिली.

"हे मशीन करते काय, बाई?"

"जंतूची ओळख एका बारीक धाग्यात असते, आई. तो एकटा दिसत नाई. मशीन गरम-थंड, गरम-थंड करून एकाचे दोन करते, दोनाचे चार. पस्तीस फेऱ्या झाल्या का दिसण्याइतका ढीग होते."

"आन् धागा नसलाच तर?"

"तर काईच वाढत नाई."

तीन नळ्या होत्या, करंगळीच्या नखाएवढ्या. एकीत ओळखीचा जंतू, मशीन नीट चाललंय हे कळण्यासाठी. दुसरीत बाबांच्या रक्तातून काढलेला अंश. तिसरी कोरी, तिच्यात नुसतं शुद्ध पाणी. कोरी शेवटपर्यंत अंधारीच राहायला हवी. ती उजळली म्हणजे कुठूनतरी घाण शिरली, आणि मग बाकीच्या दोघींचंही खरं मानायचं नाही. गीतांजली त्या फिरकीत घालून गरगर फिरवणार, तेवढ्यात तानुबाईने तिचं मनगट धरलं.

"हे तिसरी कोणाची?"

"कोणाचीच नाई. नुसतं पाणी हाये."

"बिननावाची नको फिरवू. रिकामा पाळणा हालवला तं कोणीबी येऊन निजते त्यात."

"मंग काय करू?"

"मायं नाव टाक."

गीतांजलीला हसू आलं. पण तेरा दिवस आई नीट जेवली नव्हती, तिच्याशी काय वाद घालायचा? तिने निळ्या मार्करने टोपणावर 'ता' काढलं. तानुबाईचं समाधान झालं आणि ती भेटीच्या वेळेला दवाखान्यात निघून गेली.

संध्याकाळच्या आत निकाल आला. नळ्यांतले थेंब जेलीच्या पातळ वडीत शेजारी शेजारी सोडून वर निळा प्रकाश टाकला, तेव्हा बाबांची रेघ लख्ख उजळली. म्हणजे जंतू तोच होता. पण शेजारी कोऱ्या नळीच्या जागीही एक पुसट रेघ होती.

"पाणी खराब झालं असेल," शेखर सर म्हणाले. "सगळं नवीन घेऊन उद्या परत कर. हे डॉक्टरांना दाखवता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने नवीन पाणी घेतलं, नवीन हातमोजे घातले, टेबल दोनदा पुसलं. बाबांचा अंश मात्र तोच, कालचाच. कोऱ्या नळीवर हात आपोआप 'ता' लिहून गेला. या वेळी कोरी लख्ख उजळली, आणि बाबांची रेघ मंद झाली. गीतांजलीला काही कळेना. रक्त तेच, अंश तोच, तो रात्रीतून कमी कसा होईल? तेवढ्यात दवाखान्यातून बाबांचाच फोन आला. बारीक आवाजात ते भाकर मागत होते. औषधाचा एक थेंबही अजून दिलेला नव्हता.

"आई कुठं हाये?"

"खाली पडली हाये चटईवर. थकली म्हणते."

तिसऱ्या दिवशी गीतांजली मार्कर हातात धरून बराच वेळ बसून राहिली. ती विज्ञान शिकलेली मुलगी होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, आणि तरी तिला भीती वाटत होती. शेवटी तिने कोऱ्या टोपणावर स्वतःचं 'गी' काढलं, आणि मार्कर एप्रनच्या खिशात टाकला. मशीन गुणगुणायला लागलं. वाळ्याच्या वासात तिला डुलकी लागली, आणि झोपेत कुणीतरी झेंडूच्या ओल्या वाफ्यातून अनवाणी चालत आल्याचा वास आला.

जागी झाली तेव्हा पस्तीस फेऱ्या संपल्या होत्या. वडीवर बाबांची जागा पूर्ण अंधारी होती. कोरी जळत होती. बरं झालं, तिला वाटलं, येऊ दे माझ्याकडे. नळ्या फ्रीजरमध्ये ठेवताना तिची नजर कोरीच्या टोपणावर गेली.

तिथे 'गी' नव्हतं. 'ता' होतं. अक्षराहून काना लांब, थरथरता. बचत गटाच्या वहीत सही करताना तिची आई काढते तसाच.

ती धावतच दवाखान्यात पोचली. बाबा खाटेवर बसून भाकर कुस्करत होते. खाली चटईवर आई निजली होती, अंग तव्यासारखं तापलेलं.

"आई इथून कुठं गेलती का?" गीतांजलीने विचारलं.

"दोन दिवस झाले, जागची हालली नाई ते," बाबा म्हणाले.

तानुबाईचा उजवा हात पदराखाली होता. गीतांजलीने तो बाहेर काढला. अंगठ्याला आणि बोटाला निळी शाई लागली होती, ओली. मार्कर तर तिच्या स्वतःच्या खिशात होता.

"कावून केलं आई असं…"

"तुये जायाचे दिवस हायेत का हे," तानुबाई डोळे न उघडता म्हणाली.

गीतांजलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने सिस्टरकडून स्पिरिटचा बोळा घेतला आणि ती शाई घासायला लागली. अंगठा हळूहळू स्वच्छ होत आला. हातातल्या हाताचा ताप उतरत चालला, तानुबाईचा श्वास मोकळा झाला.

"गीता…" वरून बाबांचा आवाज आला. त्यांच्या हातातून भाकर खाली पडली होती. "पंखा बंद कर वं. लय थंडी वाजून राह्यली."

पंखा बंदच होता. आईच्या बोटावर शाईचा एवढासा ठिपका उरला होता. गीतांजलीने बोळा खाली ठेवला.