पापणी न लवलेली बाई

"खून झालाय. लगेच या," असा फोन आला. फौजदारबाई पोचल्या तर प्रेत कुठेच नव्हतं. टेबलावर काचेच्या बशा होत्या आणि त्यांच्यापुढे संतापलेले प्राध्यापक.

बशांत वर्षभर जपलेल्या मज्जापेशी होत्या. तळाशी बारीक तारा. पेशींची आपापसातली कुजबुज त्या तारांतून पडद्यावर उमटायची. काल जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बशा एकापाठोपाठ गप्प झाल्या. कुणीतरी पोषक द्रव काढून साधं पाणी ओतलं होतं. अशा पाण्यात पेशी फुगून फुटतात.

"उद्या पाहुणे येणार आहेत. काय दाखवू त्यांना, पाणी?" प्राध्यापक म्हणाले. "सगळे कॉम्प्युटर सील करा. एकही सोडू नका."

"अर्जात तसं लिहून द्या."

प्राध्यापकांनी लिहून दिलं. राग डोक्यात गेला की माणूस कशावरही सही करतो.

"संशय कुणावर?"

"तारमास्तरवर. परवाच त्याला कामावरून कमी केल्याचं सांगितलं. चांगला तुरुंगात सडू दे."

तारमास्तर म्हणजे यंत्रांच्या तारा जोडणारा तंत्रज्ञ. तो दाराशीच उभा होता.

"सुट्टीत कुठे होतात?"

"गच्चीवर. डबा खात होतो."

"कुणी पाहिलं?"

"कावळ्यानं." मग त्याचा आवाज उतरला. "बाई, घरी दोन लेकी आहेत. त्यांना आई नाही. मला आत टाकलंत तर त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

बशांच्या खोलीच्या तीन किल्ल्या होत्या. एक प्राध्यापकांकडे, एक तारमास्तरकडे आणि तिसरी संशोधक ताईंकडे. शांत स्वभावाची, कामात वाघ, असं सगळेच सांगत.

"मी शेजारच्या खोलीत होते," ताई म्हणाल्या. "डोक्याला तारांची टोपी लावून माझ्याच मेंदूचे तरंग नोंदवत होते. डोळे उघडे, समोरच्या ठिपक्यावर. नोंद आहे."

नोंद होती. कॉम्प्युटरमधल्या कच्च्या नोंदींच्या कप्प्यात, सुट्टीभराची, सुबक ओळींची. फौजदारबाईंच्या हस्ताक्षराला लाज वाटावी इतकी सुबक.

"इथे कशा आलात तुम्ही?"

"भावामुळे. त्याचा हात लुळा पडला होता. इथल्या प्रयोगात त्याच्या मेंदूला बारीक करंट देत होते. गेला तो."

"दुखण्यानं गेला," प्राध्यापक म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तारमास्तरला गाडीत बसवायचं ठरत होतं. फौजदारबाई मात्र खुर्चीत बसल्या. "नेण्याआधी ती टोपी मला घाला बघू."

तारमास्तरनं त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. बाईंची पापणी लवली आणि डोंगर उठला. त्यांनी दात आवळले, तर नुसतं झुडूप माजलं.

"हे काय?"

"सगळ्यांचं असंच येतं बाई. पापणी, जबडा, दिव्याच्या विजेची गुणगुण. नंतर आम्ही ते धुऊन काढतो. पण कच्ची नोंद तशीच ठेवायची, तिला कुणी हात लावायचा नाही. इथला पहिला नियम."

फौजदारबाईंनी टोपी उतरवली आणि सगळ्यांना बसवलं.

"ताई, तुम्ही पूर्ण सुट्टीभर डोळे उघडे ठेवून बसलात. पापणी एकदाही लवली नाही?"

ताईंनी पडद्यावरच्या ओळींकडे पाहिलं.

"तुमची नोंद कच्च्या कप्प्यात आहे आणि धुतलेली आहे. टोपी डोक्यावर असती तर ती अशी निघालीच नसती. तुम्ही आधीची धुतलेली नोंद कालच्या तारखेनं यंत्रात चालू ठेवलीत आणि शेजारी जाऊन पाणी ओतलंत. यंत्र चाललं, पण त्याच्यापुढे माणूस नव्हता. इतक्या वर्षांच्या कामानंतर ही चूक तुमच्या हातून कशी झाली?"

"चूक नाही," ताई म्हणाल्या. "ती धुतलेली आहे, हे पोलिसांच्या लक्षात यायलाच हवं होतं. तारमास्तरला नेलं असतं तर मीच सांगितलं असतं. त्याच्याशी माझं वैर नाही."

"नोंद कुणाची?"

"भावाची. सरांनी स्वतः धुतलेली. करंट दिला की त्याला फिट यायची. सर म्हणाले, हा हालचालीचा गोंगाट आहे, काढून टाका. फिटा पुसल्या आणि करंट चालूच ठेवला. मी सगळीकडे अर्ज केले. उत्तर एकच, पुरावा दाखवा."

"बकवास आहे," प्राध्यापक म्हणाले. पण त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसला होता.

"कच्ची नोंद कुठे आहे?" फौजदारबाईंनी विचारलं.

"नियम आहे ना, ती पुसायची नाही. सरांच्या खोलीत, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये. मला तिथे कधी हात लावू दिला नाही." ताई पहिल्यांदा हसल्या. "त्यांनी माझा भाऊ मारला, मी त्यांच्या बशा मारल्या. तेवढ्यानं माझं समाधान झालं नसतं. आज त्यांनी स्वतःच्या सहीनं तो कॉम्प्युटर तुमच्या ताब्यात दिलाय. मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे."

फौजदारबाईंनी ताईंना गाडीत बसवायला सांगितलं. तारमास्तर भिंतीला टेकून रडत होता, त्याला घरी पाठवलं. मग त्या प्राध्यापकांकडे वळल्या.

"सर, तुमच्या खोलीची किल्ली द्या."