अजून वाचताय का?

साल दोन हजार एकोणीस. थंडी सरत आली होती. फेब्रुवारीची एकवीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी सात वाजता तुमचा बाप वाचनालय बंद करायला उठला. पुढचं त्यानं तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण मी त्याचा मेहुणा आणि मी गप्प बसतो. आता तो नाही, म्हणून सांगतो.

"मामा, दिवा मोठा करू?"

"आहे तसा राहू दे. मध्ये बोलायचं नाही."

चर्चसाठी पाळक, म्हणजे धर्मगुरू, तयार करणारं कॉलेज ते. तुमचा बाप तिथला ग्रंथपाल. मी चौथी शिकलो, पण वाचनखोलीतली टेबलं माझ्या हातची. अजून हलत नाहीत. पुढे पुस्तकं कपाटातून संगणकात गेली. धर्मशास्त्राची हजारो पुस्तकं. नियम असा, की एक पुस्तक एका वेळी एकालाच. दहा मिनिटं पान उलटलं नाही तर पडद्यावर चौकट यायची, अजून वाचताय का? मिनिटभरात 'हो' दाबलं नाही तर पुस्तक मिटायचं आणि रांगेतल्या दुसऱ्याकडे जायचं, कुठल्या तरी लांबच्या देशात.

एक म्हातारे पाळक वर्षभर रोज यायचे. वय ब्याऐंशी. एका पानाला अर्धा तास. चौकट आली की ओरडायचे, "अहो ग्रंथपाल, हे मला विचारतंय, आहेस का गेलास!"

तुमचा बाप धावत जाऊन 'हो' दाबायचा. "आहात, पाळकसाहेब. मी साक्षीला."

एकदा त्यांनी मनातलं सांगितलं. बेचाळीस वर्षांपूर्वी एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं तीन दिवसांचं लेकरू गेलं. डोक्यावर पाणी घालून करतात तो बाप्तिस्मा झाला नव्हता. पाळक तेव्हा चाळिशीचे, नियमाला पक्के. लेकराला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायला लावलं. बाईनं विचारलं, "माझं लेकरू देवाकडे गेलं का?" हे म्हणाले, "शोधून सांगतो." मग भेटली की ती विचारायची. काही वर्षांनी विचारायची थांबली.

"ते मला जास्त लागलं," पाळक म्हणाले. "आता नुसतं गोड बोलून चालणार नाही. पुस्तकावर बोट ठेवून मी ते लेकरू बाहेर काढलं. पुस्तकावर बोट ठेवूनच आत घेईन."

शेवटी तसं पुस्तक सापडलं. त्यातला एकच धडा राहिला होता. मंगळवारी पाळक घरी गेले आणि रात्री झोपेतच गेले. बुधवारी दफन झालं.

आणि गुरुवारी सात वाजता तुमच्या बापाला यादीत दिसलं, एक पुस्तक चालू आहे. वाचकाचं नाव... पाळकांचं.

कोणीतरी त्यांचा पासवर्ड वापरतोय, असं समजून तो चिडून वाचनखोलीत गेला.

खोली रिकामी. पडदा उजळलेला. तेच पुस्तक. मंगळवारी पान तीनशे चार होतं. आता तीनशे नऊ.

चौकट आली.

साठ. एकोणसाठ...

तो उभाच. खोलीत आवाज नाही. वीस. वायर उपटायला त्यानं हात पुढे केला. दहा. नऊ...

त्यानं 'हो' दाबलं.

का दाबलंस, मी विचारलं. "सवय," म्हणाला. मग म्हणाला, "दुसऱ्याकडे गेलं असतं तर म्हातारा परत किती दिवस थांबला असता?"

तो शेजारच्या खुर्चीवर बसला. घरी तुमची आई ताट झाकून वाट बघत होती. तो उठला नाही.

पान उलटलं.

चौकट. 'हो'.

पुन्हा चौकट. 'हो'.

 

दोन वाजून चाळीस मिनिटांनी कोपऱ्यातला प्रिंटर सुरू झाला. एकच कागद निघाला. मग पडदा काळा.

सकाळी तो कागद घेऊन बाईकडे गेला. ती शिलाई मशीनवर बसली होती. केस पांढरे, नजर सुईवर. त्यानं ओळीवर बोट ठेवलं आणि आपल्या भाषेत सांगितलं, "पाणी माणसाच्या हाती असतं, लेकरू देवाच्या हाती. पाण्याला उशीर झाला म्हणून देवाला उशीर होत नाही."

मशीन थांबलं.

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

मग तिनं कागद हातात घेतला. त्या वाचनालयाच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी आपोआप छापलं जातं, कोणी काढला, केव्हा काढला. तिथे पाळकांचं नाव होतं. तारीख बावीस. वेळ दोन चाळीस.

"बुधवारी मी त्यांच्यावर माती टाकली," ती म्हणाली.



तिनं कागदाची घडी घातली. डोळे पुसले नाहीत.

"उत्तर पोचलं म्हणावं."